निंबाकडं वळलेला धुरा

त्या दिवशी मी खोटा चाललो. बोललो काहीच नाही, बोलायची मुभाच नव्हती. पण जे पाऊल टाकलं ते खोटं टाकलं, आणि साऱ्या गावानं ते खरं मानलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वडील शेवटच्या आजारात माझ्याकडे बघत पडून असायचे, तेव्हा त्यांच्याशीही हा विषय काढला नाही. आणि ज्यांच्या वावरातून चाललो, त्यांच्यापुढे तर आजतागायत तोंड उघडलं नाही. आता पन्नाशी उलटली आहे. लिहून टाकतो.

मी वाशीमला एका शाळेत इतिहास शिकवतो. फळ्यावर हातानं नकाशा काढण्यात माझा हात बसलेला आहे, असं मुलं म्हणतात. पुस्तक न बघता मी एका दमात हिंदुस्थान काढतो आणि मग रंगीत खडूनं राज्यांच्या हद्दी भरतो. हिरवा, पिवळा, गुलाबी. पुढच्या तासाला हिरवा पुसून तिथं पिवळा. ज्या वाशीमच्या बसस्टँडवर उतरून ही मुलं शाळेत येतात, ते वाशीम एकेकाळी वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं, हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, मग त्यायचं राज्य कुठवर होतं? अनसिंगलोक का?" अनसिंग म्हणजे जवळचंच गाव. सारे हसतात. मीही हसतो. खरं उत्तर असं की कुठवर होतं ते आता कुणालाच नेमकं माहीत नाही. त्यांच्यानंतर चालुक्य आले, राष्ट्रकूट आले, यादव, बहमनी, इमादशाही, मोगल, निजाम, इंग्रज. मध्ये एक काळ असाही गेला की निजाम आणि नागपूरकर दोघंही याच मुलखातून वसूल न्यायचे. म्हणजे हद्द होती, पण ती जमिनीवर नव्हती, माणसाच्या मानेवर होती.

दरवर्षी मी प्रश्न घालतो : राज्यांच्या सीमा कोणकोणत्या कारणांनी बदलतात? मुलं लिहितात, युद्ध, तह, फितुरी, वारसा. मी गुण देतो. आणखी एक कारण मला माहीत आहे. ते मी कधी शिकवलेलं नाही.

आमचं गाव रिठदच्या खालच्या अंगाला, पैनगंगेच्या काठावर. माझ्या आजोबांच्या काळात नदी हीच हद्द होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. मोगल जाऊन जमाना झाला होता, तरी आमचे म्हातारे पलीकडच्या काठाला मोगलाईच म्हणायचे. आजोबांची बहीण पलीकडे दिलेली. तिला भेटून येताना नाक्यावरचा शिपाई गाठोडं सोडायला लावायचा आणि सोबत दिलेल्या लाडवांतला एक उचलून तोंडात टाकायचा. आजोबा सांगायचे की एका पुरात नदीनं आपला रस्ताच बदलला, आणि काठावरच्या एकाचं वावर पलीकडे जाऊन पडलं. "बैल वऱ्हाडात अन् वखर मोगलाईत!" असं म्हणून ते मांडीवर थाप मारायचे. मी विचारायचो, "मग त्या माणसानं काय केलं?"

"काय करते? उभा राह्यला. पाह्यत राह्यला."

त्या उभ्या राहून पाहणाऱ्या माणसाचं मला तेव्हा हसू यायचं.

दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. आमचं वावर आणि शेजारचं वावर यांच्यामधला धुरा वर गाडरस्त्यापासून निघून खाली नदीपर्यंत जायचा. वरच्या टोकाला एक मोठा गोटा गाडलेला, खालच्या टोकाला दुसरा, काठच्या दोन खडकांच्या खाचेपाशी. लहानपणी मी पोहायला त्याच धुऱ्यानं जायचो. डोळे बांधून सोडलं असतं तरी नेमका त्या खाचेत उतरलो असतो.

शेजारच्या वावराचे मालक आमचे नात्यानं कुणी नव्हते, पण गावकीच्या हिशेबानं मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांच्या वावरात, नदीच्या अंगाला, एक निंब होता. आमच्या धुऱ्यापासून तो चांगला आत, त्यांच्या बाजूला. धुरा आणि निंब यांच्यामध्ये मामीची पहिली पोर पुरलेली होती. तापानं गेली. अजून चालायलाही लागली नव्हती. एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत. त्या जागेवर नदीतला एक काळा गुळगुळीत गोटा ठेवलेला होता. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी ठेवतात. त्या दिवशी मामी दुधाची वाटी घेऊन तिथं जाऊन बसायची. एकदा मी धावत नदीकडे निघालो होतो आणि त्या गोट्यावरून उडी मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बापू, तिथून नोको. वळून जाय." रागावली नाही. झोपलेलं लेकरू उठेल म्हणून सांगावं तसं म्हणाली. तेव्हापासून मी तिथून वळूनच जायचो.

मी नुकताच मास्तर झालो होतो, त्या वर्षी मोठा पूर आला. पाणी उतरलं तेव्हा नदीकाठचं सारं रान एकसारखं गाळानं झाकलेलं होतं. धुरा नाही, खालचा गोटा नाही, मामीचा काळा गोटा नाही. दोन खडकांची खाचही गाळाखाली बुजली होती. निंब तेवढा उभा होता.

बाबा आणि मामा यांच्यात तशी आधीपासूनच कुरबुर होती. मामा म्हणायचे, "भाऊ, तुमचा नांगर दरसाली माझ्या धुऱ्याले चाटून जाते." बाबा म्हणायचे, "नांगराले जीभ असते का?" एवढ्यावर निभायचं. पण पुरानंतर गोष्ट वेगळी झाली, कारण निंबाच्या खाली नदीत डोह पडला होता. भर उन्हाळ्यातही आटणार नाही असा. ज्याच्या वावराचा काठ त्या डोहाला लागेल, त्याचं इंजिन तिथं बसणार होतं. बाबांना वावरात हळद लावायची होती. डोह मामांच्या काठाला होता, हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं. पण धुराच राहिला नव्हता, तर ते दाखवणार कशावरून?

पारावर माणसं बसली. मोजणी आणा, असं कुणी म्हणालं. एक म्हातारा खेकसला, "मोजणीवाला येईन तवा येईन. पेरनी थांबते का त्याच्यासाठी? पह्यल्यासारखं करा. चालवा एखाद्याले."

चालवणं म्हणजे काय, ते मी तोवर फक्त ऐकलेलं. जुन्या काळी हद्दीचं भांडण असंच मिटायचं. दोघांचा भरवसा असलेला एक माणूस निवडायचा. त्यानं सकाळी उपाशीपोटी नदीत बुडी मारून ओल्या कपड्यांनी यायचं, त्याच वावरातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि अनवाणी चालायचं. वरच्या गोट्यापासून नदीपर्यंत. त्याच्यामागे एकजण राख टाकत येणार. जिथं राख पडेल तो धुरा. तो चालत असताना कुणी शब्द काढायचा नाही, त्यानंही नाही. खोटा चालला तर ती माती त्याच्या डोक्यावरून उतरत नाही, असं म्हणत.

"मास्तरले चालवा," मामा म्हणाले.

एक-दोघं हसले. "पाटी देता का त्याच्या डोक्यावर, ढेकळाच्या जागी?"

"अन् बाप कोन हाये त्याचा, पाह्यलं का?" दुसऱ्यानं टोमणा मारला.

"बाप हाये म्हनूनच तं," मामा म्हणाले. "तो माह्या बाजूनं चालला तं त्याच्या बापाले मानाच लागते. अन् बापाच्या बाजूनं चालला तं मी मानतो. पोरायले खरंखोटं शिकवते तो. त्याचा पाय खोटा पडन का?"

बाबा तंबाखू मळत बसले.

चालायच्या दिवशी सकाळी मी घरातून निघालो तेव्हा बाबा गोठ्यापाशी उभे होते. त्यांनी मला खोटं चाल असं सांगितलं नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. बैलाच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडे न बघता ते एवढंच म्हणाले, "सरळ चालजो. निंबाकडं पाहून."

बस. एवढंच वाक्य. मला कळलं. त्यांना माहीत होतं की मला कळलं.

आजही मला नीट सांगता येत नाही की मी ते का केलं. बाबांचा धाक होता, हे खरं. पण त्यांनी मला मारलं नसतं, घरातून काढलं नसतं. हळदीचं, पाण्याचं माझ्या मनात नव्हतं. मी तर वाशीमला खोली घेऊन राहणार होतो. मला वाटतं, त्या सकाळी पहिल्यांदा बाबांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. तोवर ते सांगायचे फक्त.

ओल्या धोतरानं मी वरच्या गोट्यापाशी उभा राहिलो. मामांनीच आपल्या हातांनी ढेकूळ माझ्या डोक्यावर ठेवलं. हलू नये म्हणून थोडं दाबलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "घाबरू नोको, मास्तर."

मी चालायला लागलो. सुरुवातीला धुरा अजून दिसत होता, गाळ तिथवर चढला नव्हता. मग गाळ लागला. खाच कुठं आहे ते मला दिसत नव्हतं, पण पायांना ठाऊक होतं. पाय डावीकडे ओढ घेत होते आणि मी त्यांना उजवीकडे वळवत होतो. डोळे निंबावर. ढेकळाची माती ओघळून मानेवर, मग पाठीवर येत होती. मागे राखेच्या टोपलीचा आवाज. सारं गाव दोन्ही वावरांच्या कडेनं आमच्याबरोबर खाली सरकत होतं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

निंबाखाली मामी उभी होती. मी सरळ तिच्याकडेच येत होतो. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ती ओरडू शकली असती. पण बोलायचं नव्हतं.

निंबाच्या थोडं अलीकडे माझा पाय आपोआप उचलला गेला आणि लांब पडला. आमच्याकडे अशा पावलाला ढांग म्हणतात. खाली काहीच नव्हतं. सपाट, भेगाळलेला गाळ. तो काळा गोटा पुरानं केव्हाच नेला होता. तरी पायानं त्या जागेवर पडायचं नाकारलं. माझ्या मागून राखेची रेघ मात्र त्या जागेवरून अखंड गेली.

मी काठाला पोचलो. डोह आमच्या बाजूला आला होता. ढेकूळ उतरवून नदीत टाकलं. मामांनी राखेच्या रेघेकडे बघितलं, निंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. धुरा असा नव्हता असं त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण ते म्हणाले, "मास्तर चालला ना? झालं मंग." आणि माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे नाही, ढेकळापुढे जोडले असतील. पण समोर मी होतो.

बाबांनी पारावर गूळ वाटला.

त्याच रेघेवर नवा धुरा पडला. सारं गाव नदीवर जायला तो वापरू लागलं, बायका धुणं घेऊन, गुराखी गुरं घेऊन. पुढच्या साली बाबांनी डोहावर इंजिन बसवलं आणि धुऱ्याला लागून पाइपासाठी चर खणला. चर खणायच्या दिवशी मी वाशीमला होतो. सुट्टी असूनही गेलो नाही. त्यात काय निघालं की नाही निघालं, हे मी बाबांना कधी विचारलं नाही, खणणाऱ्या माणसांनाही नाही. मामी दिवसभर निंबाखाली बसून होती, एवढं आईच्या बोलण्यात आलं.

त्या आखजीला मी गावात होतो. मामी वाटी घेऊन आली. धुऱ्यावर माणसांची ये-जा चाललेली. पाइपावर काटेरी फांद्या टाकलेल्या. ती जरा वेळ उभी राहिली, मग निंबाच्या बुंध्याशी दूध ठेवून निघून गेली. तिथं दूध ठेवणं म्हणजे आपल्या लेकराकडे पाठ करून बसण्यासारखं होतं.

त्यानंतर काही वर्षं माझा हात बिघडला. वेडेपणा वाटेल, पण फळ्यावर हद्द काढताना रेघ एका अंगाला झुकायला लागली. मुलं ओरडायची, "सर, नर्मदा खाली आली!" मी पुसून पुन्हा काढायचो. पुन्हा तसंच. सरळ म्हणून काढायला जावं, आणि हात कशाकडे तरी पाहून चालल्यासारखा वळायचा. डोक्यावरून हात फिरवला की बोटांना माती लागल्यासारखी वाटायची, अजूनही वाटते. बायको म्हणते, कोंडा असेल. इतिहासाच्या पुस्तकात "अमुक राज्याची सीमा तमुक नदीपर्यंत भिडली" असं वाक्य आलं की मी थांबतो. भिडली म्हणजे कुणी तरी भिडवली असणार. पुढे एक माणूस चालत गेला असणार, ज्याच्यावर दोन्हीकडच्यांचा विश्वास होता. आणि काठावर कुणी तरी तोंडात पदर धरून उभं असणार.

मामा गेले. त्यांच्या तेराव्याला मी पंगतीत वाढायला होतो. नंतर बाबा गेले. एका पुरात निंबही गेला. वावर माझ्या नावावर आलं आणि मी ते गावातल्याच एकाला ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरावीक रकमेवर कसायला दिलं. वर्षातून दोनदा जातो. एकदा धुऱ्यानं खाली उतरताना तो ठोकेदार मागून म्हणाला, "सर, एक इचारू का? तुमी इथं दरखेपी ढांग काहून टाकता? साप पाह्यला होता का कधी?"

"सवय आहे," मी म्हणालो.

तोवर मला स्वतःलाही कळलं नव्हतं.

यंदा आखजीच्या काही दिवस आधी गेलो होतो. मामी आता फार थकली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू. भिंत धरून चालते. मी आल्याचं कुणीतरी सांगितलं असावं. ती काठी टेकत गाडरस्त्यापर्यंत आली आणि वरच्या गोट्यावर बसली.

"बापू हायेस का?"

"हो मामी."

"बस." मी तिच्यासमोर खाली बसलो. तिनं माझ्या बायकोचं, मुलांचं विचारलं. मग म्हणाली, "निंब गेला तवापासून मले जागा सापडत नाई. अंदाजानं दूध ठेवतो. कुठी ठेवतो, कोनाच्या पायाखाली ठेवतो, देवाले माहीत. मले जागा दाखव."

मी म्हणालो, "मला कशी माहीत असणार, मामी?"

ती जरा हसली. दात नाहीत आता. "गोटा तं पुरानं नेला होता. मंग तुनं पाय कशावरून उचलला रे?"

म्हणजे तिला त्या दिवसापासून माहीत होतं. जागा ओळखूनही मी तिच्यावरून रेघ नेली, ही नुसती चूक नव्हती, हे तिला माहीत होतं. मामांना तिनं सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर ते माझ्या घरच्या लग्नाला आले नसते, माझ्या पोराला मांडीवर घेतलं नसतं.

"मामांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्यायनंच तुले निवडलं होतं," ती म्हणाली. "कसं सांगू?" मग हातानं मातीत चाचपत म्हणाली, "मले वावर नाई पाह्यजे. डोह नाई पाह्यजे. डोये हायेत तोवर एकडाव जागा दाखव. बाकी मंग तुह्यं तुले."

त्याच वेळी उठून मी तिचा हात धरून खाली न्यायला हवं होतं. धुरा समोर होता, दिवस होता. रस्त्यानं दोन-चार माणसंही चालली होती. त्यांनी विचारलं असतं, सर, मामीला कुठं नेता? आणि मला सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "आखजीला येतो, मामी. आता गाडी चुकेल." मोटारसायकल माझी स्वतःची होती. ती तिथंच, झाडाखाली उभी होती. मामीला दिसत नव्हती.

आखजीला मी गेलो नाही. उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, असं घरी सांगितलं. दिवसभर त्या समोर घेऊन बसलो. सीमा का बदलतात, त्याचीच उत्तरं होती. युद्ध, तह, फितुरी, वारसा. दुपारी फोन केला तेव्हा ठोकेदार म्हणाला की म्हातारी वाटी घेऊन आली होती. वरच्या गोट्यावर बसून वाट पाहत होती, कोणाची ते सांगत नव्हती. ऊन चढल्यावर दूध तिथंच ठेवून गेली.

तर माझ्यावर देणं आहे ते असं. वरच्या गोट्यापासून दोन खडकांच्या खाचेपर्यंत मला पुन्हा चालायचं आहे. ओल्या कपड्यांनी, त्याच वावरातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन, गाव बघत असताना. खोटा कुठून कुठवर चाललो, ते पारावर बसून सांगायचं आहे. आणि त्याआधी, मामीचे डोळे आहेत तोवर, तिचा हात धरून तिला त्या जागेवर न्यायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.